अवतरण

फाईल दोनशे अकरा एमबी.
नव्या जागेचं दार आठ एमबीचं.
रात्री साडेनऊला अख्खी ढकलून पाहिली,
निळी पट्टी चार टक्क्यांवर जाऊन बसली,
शेगडीपाशी मांजर बसावं तशी.

जुन्या कंपनीचं पत्र आलंय: तीस तारखेनंतर
यंत्रं बंद. आभार. कळावे.
एकोणीस वर्षं बाबांनी
फुग्लोय बेटावरून रोज रात्री टाइप केलं,
वारा कुठून, मेंढ्या किती,
टपालाच्या बोटीतून कोण उतरलं, आणि कोण
लाटांमुळे उतरू न शकता
हात हलवून तसंच परत गेलं.
फोटोसुद्धा अक्षरं करून आत कोंबलेत:
एक पफिन सहा हजार ओळींचा.

मग कापायला घेतली.
क्लाक्सविकच्या कारखान्यात बारा वर्षं
मी कॉड कापलाय,
काटा कुठे आहे हे बोटांना आधी कळतं.
सत्तावीस तुकडे.
एवढंच पाहिलं, की एकही दिवस
मधोमध चिरला जाऊ नये.

पहिले नऊ सुरळीत गेले.
दहाव्यात घोडं अडलं.
चूक नाही, इशारा नाही, फक्त
तीन मार्चनंतर दिवसच नाहीत.
उघडून बघते तर तीन मार्च
संपायलाच तयार नाही:
चार मार्चचं धुकं, पाचचं धुकं,
ईस्टर, कोकरं, शेजारच्या मार्गरेताचा मोडलेला हात,
जूनमधलं माझं लग्न,
सात महिने सलग
दॉन्यल काका बोलतोय.

बाबांनी एक अवतरणचिन्ह उघडलं होतं
आणि मिटायचं राहिलं होतं.
यंत्र बिचारं आज्ञाधारक,
मिटेपर्यंत सगळं त्याच माणसाच्या तोंडी घालतं.

वायव्येचा वारा. दॉन्यल आला. दारातच म्हणाला, "मेंढ्याच्या
कानावरची खूण मी पाहिली तो माझा आहे
आता यावर बोलणं नको

पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही.
'पाहिली'पाशी मिटलं तर मेंढा बाबांचा.
'माझा आहे'पाशी मिटलं तर काकाचा,
आणि बोलणं बाबांनी तोडलं.
अगदी शेवटी मिटलं, तर सगळंच काकाने.
एवढंसं चिन्ह, माशीच्या पायाएवढं,
आणि मी ते चिमटीत धरून बसलेय
जमिनीचा निकाल द्यायचा असल्यासारखी.
मेंढा तर त्याच हिवाळ्यात
खोपटातल्या वाऱ्यात सुकून
कुणाच्या तरी पोटात गेला.
त्यानंतर दोन भाऊ
बत्तीस पावलांवर राहिले, बोलले नाहीत.
पावलंसुद्धा बाबांनीच मोजून लिहिलीत,
चौथ्या तुकड्यात.

दॉन्यल काका आता एक्याऐंशीचा.
रात्री अकराला पहिल्याच घंटीला फोन उचलतो.
"तीन मार्चला तू नेमकं काय म्हणालास?"
कुठल्या सालच्या, हे तो विचारत नाही.
पलीकडे समुद्र ऐकू येतो, किंवा फ्रीज.
"मी? मी काहीच नाही म्हणालो.
हानुसच बोलत होता, सगळं तोच.
मी दारात उभा होतो, भिजलेला.
आत ये म्हणेल म्हणून थांबलो."

खरं असेल, नसेल.
भांडणात गप्प राहिल्याचं
नंतर सगळ्यांनाच आठवतं.
तरी मी उघडणाऱ्या चिन्हाला खेटून
मिटणारं चिन्ह ठेवलं.
मध्ये काही नाही. एक ओला माणूस मावेल
एवढीही जागा नाही.

दहावा तुकडा पुन्हा ढकलला.
चार मार्च आला, धुक्यासकट.
पाच आला. मार्गरेताचा हात मोडला.
माझं लग्न काकाच्या तोंडातून निघून
आपल्या तारखेवर जाऊन बसलं,
त्या दिवशी मेंढ्या एकशे चौदा.

फोन अजून कानाशीच होता.
"आणि वारा?" काका म्हणाला, "काय लिहिलंय त्याने?"
वायव्येचा, म्हटलं.
"दक्षिणेचा होता. तेवढं दुरुस्त कर."

हो म्हटलं.
केलं नाही.
अजून सतरा तुकडे बाकी होते.